रेनोचा खडक

आउने केट्टुनेनचा ज्यांच्यावर विश्वास बसेल अशी माणसं गावात फार नव्हती, आणि जी होती त्यातली बरीचशी चर्चमागच्या दफनभूमीत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात काढली, पण चमचे मोजून कपाटाला कुलूप घातल्याशिवाय एक दिवस ती घरी गेली नाही. दुकानदाराने अंड्यांचा खोका दिला की तिथल्या तिथे उघडून बघायची. आजारपणात पाद्री विचारपूस करायला आला, तेव्हाही याला आपल्याकडून नक्की काय हवंय, हाच विचार तिच्या मनात आधी आला. कॉफी मात्र तिने त्याला दिली, वेलचीचा गोड पावही दिला.

हा स्वभाव तिने माहेरून आणला होता की सासरी मिळवला, सांगणं कठीण आहे. नवरा रेनो तिच्यापेक्षा सवाई होता. बाहेरगावच्या हौशी लोकांना बोटीतून सरोवरावर वॉलाय मासे धरायला नेणं हा त्याचा धंदा. त्यांना तो चांगल्या जागा दाखवायचा, पण एक जागा त्याने स्वतःपुरती ठेवली होती. त्या सरोवरावर प्रत्येकाची अशी एक जागा असते. वॉलायच्या बाबतीत सख्ख्या भावालाही ताकास तूर लागू द्यायचा नाही, ही तिथली रीत. एवढा मोठा मासा कुठे लागला, असं कुणी विचारलं तर "ओठाला" म्हणायचं आणि जाळं आवरायचं. परतताना सरळ धक्क्यावर यायचं नाही, एखाद्या बेटाला वळसा घालून यायचं, म्हणजे कुठल्या दिशेने आलो ते कुणाला कळत नाही. मासा गळाला लागला तरी उठून उभं राहायचं नाही. काठावरच्या प्रत्येक घरात खिडकीशी दुर्बीण असते, आणि ती पाखरं बघायला आहे असं प्रत्येकजण शपथेवर सांगतो.

रेनोची जागा म्हणजे पाण्याखालचा एक खडक होता. उत्तरेच्या बेटावरच्या वाकड्या पाइनच्या झाडामागे गावाची पाण्याची टाकी पुरती लपली, आणि त्याच वेळी पश्चिमेचा पांढरा दगड भूशिराच्या टोकाला येऊन चिकटला, की बोट बरोबर त्या खडकावर असायची. बर्फ विरघळलं, अंडी घालून मासे परतले, की जूनमध्ये काही आठवडे त्या खडकावर वॉलाय नुसता भुकेला असायचा. मग पाण्यातून किड्यांचे ढग उठायचे, मासे तेच खाऊन सुस्तावायचे आणि गळाकडे ढुंकून बघायचे नाहीत. जे काही मिळवायचं ते त्याआधी.

रेनोचे बोटीतले नियम कडक होते. मोठ्याने हसायचं नाही, भडक टोपी घालायची नाही, आणि बोटीतून पाण्यात काही म्हणजे काही टाकायचं नाही. गळाला लावायचा चारा-मासा मेला तर तोही नाही. आउनेला हा शेवटचा नियम निव्वळ चिकटपणा वाटायचा. मेलेला मासा घरी नेऊन काय लोणचं घालायचं होतं का?

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दारासमोरचं बर्फ ओढता ओढता रेनो पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. मागे घर राहिलं, ॲल्युमिनियमची बोट राहिली आणि तो खडक राहिला. घर बँकेलाही माहीत होतं, बोट सगळ्यांनाच दिसत होती. खडक तेवढा फक्त तिचा होता. तिथे बोट उभी केली की रेनो अजून मागच्या फळीवर बसलाय असं तिला वाटायचं, आणि हे ती कुणाला सांगत नसे.

पण तिचा खांदा निकामी झालेला. नांगर वर ओढायला कुणीतरी हवं होतं. म्हणून तिने हॅल्व्हर त्वेइटला घेतलं. हॅल्व्हर शेजारचा, बिनलग्नाचा, रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र चालवून निवृत्त झालेला, आणि तोंडातून शब्द काढणं म्हणजे दात उपटण्यासारखं मानणारा. रेनोच्या कबरीपाशी उभं करून तिने त्याच्याकडून वचन घेतलं की जागा कुणाला सांगणार नाही. हॅल्व्हरने टोपी काढली, "बरं" म्हणाला आणि परत घातली. त्यानंतरचा एक उन्हाळा फार चांगला गेला. दोघं सकाळी निघायची, थर्मासमधली कॉफी प्यायची, आणि तासन्‌तास काही न बोलता बसायची. त्या काळात तिच्या घरात दुसऱ्याची म्हणून एकच कॉफीची किटली आली, ती हॅल्व्हरची.

बोटीमागे एक एका पायाचं पांढरं कुरव पाखरू यायचं. जेवायच्या वेळेला बरोबर हजर, म्हणून आउनेने त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं. चाऱ्याच्या बादलीतले मेलेले मासे ती त्याला टाकायची. आता अडवायला रेनो नव्हता, आणि तो लंगडा जीव बघून तिला खरोखर माया यायची. यंदा पाद्री आपला सगळा गोतावळा घेऊन यायला लागला.

"त्याला सवय लावू नकोस," हॅल्व्हर एकदा म्हणाला.

ती मनात म्हणाली, हा कधीपासून रेनोसारखं बोलायला लागला?

यंदाच्या जूनमध्ये एका सकाळी ती दोघं खडकावर पोचली तर तिथे आधीच एक बोट उभी होती. आउनेच्या मनात पाल चुकचुकली. चुकून आले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन होत्या. आठवड्याच्या शेवटी लुंडीनच्या विश्रामगृहाची मोठी बोट डझनभर हौशी लोकांना घेऊन खडकाच्या डोक्यावर नांगर टाकून बसली होती, आणि लोक उभं राहून, ओरडून, मासे वर ओढत होते. आउनेला रडू आलं. तिने ते नाक शिंकरण्यात खपवलं.

जागा दोघांनाच माहीत होती आणि तिने सांगितली नव्हती. मग काय, एकेक गोष्ट आठवायला लागली. हॅल्व्हरने याच वसंतात आपल्या बोटीवर जागा लक्षात ठेवणारं यंत्र बसवलं होतं. कशाला? लुंडीनबरोबर तो चांगला कॉफीच्या दुसऱ्या कपापर्यंत बसलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि खडकावर परक्या बोटी दिसल्या तेव्हा तो चकार शब्द बोलला नव्हता. तो एरवीही बोलत नसे हे खरं, पण आता त्याचं गप्प बसणंही तिला वेगळं दिसायला लागलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दक्षिणेच्या बाजूला एक उथळ, चिखलाचा पट्टा आहे, तिथे मासा म्हणून नाही. तिथे ती त्याला घेऊन गेली. मोडकी होडी आणि रेडिओचा मनोरा अशा दोन खुणा तिने बोटाने दाखवल्या.

"ही रेनोची दुसरी जागा," ती म्हणाली. "मरायच्या आधी त्याने मला सांगितली. तू कुणाला सांगू नकोस."

हॅल्व्हर त्या खुणांकडे बघत राहिला, मग गळाला जळू लावून त्याने दोरी सोडली. दिवसभर दोघं चिखलावर बसली. गळाला शेवाळाशिवाय काही आलं नाही. पाद्रीलासुद्धा काही मिळालं नाही, कारण त्या दिवशी तिचं बादलीकडे लक्षच नव्हतं, सगळं लक्ष हॅल्व्हरवर होतं. तो कुरकुरला नाही.

पुढचे काही दिवस ती खांद्याचं निमित्त करून घरी राहिली आणि खिडकीत दुर्बीण घेऊन बसली. चिखलावर एकही बोट फिरकली नाही. दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. आउने म्हणाली, लबाड आहे, ही जागा स्वतःसाठी ठेवली. एकदा माणूस लबाड ठरला की त्याने काही केलं तरी तो लबाडच, आणि काही केलं नाही तर महालबाड.

शेवटी धक्क्यावरच्या मासे कापायच्या छपरीत, चार माणसांसमोर तिने त्याला गाठलं.

"लुंडीनने काय दिलं रे तुला, हॅल्व्हर? रेनोच्या कबरीपाशी टोपी काढलीस, तेव्हा मनात काय होतं?"

छपरीतल्या सुऱ्या थांबल्या. हॅल्व्हरने हातातला अर्धा कापलेला मासा खाली ठेवला, हात धुतले.

"असं वाटतं तुला?" एवढंच तो म्हणाला, आणि बादली तिथेच ठेवून गेला. त्याची किटली मात्र तिच्या घरात राहिली. न्यायला तो आला नाही.

त्यानंतर आउने एकटीच निघाली. नांगर टाकायचाच नाही, असं म्हणून ती थेट चिखलावर गेली. हॅल्व्हर गुपचूप तिथे येत असेल तर छडा लावायचा, हा बेत. हॅल्व्हर नव्हता. कुणीच नव्हतं. तिने राय धान्याच्या पावाचा तुकडा खाल्ला, बादलीतले मेलेले मासे निवडले आणि पाद्रीला टाकले. क्षणात त्याचा गोतावळा जमला. डोक्यावर पांढरा थवा घिरट्या घालत कलकलाट करू लागला.

पहिली बोट आली तेव्हा ती चपापली. मागोमाग दुसरी आली. मग लुंडीनची मोठी बोट दिमाखात वळण घेऊन थेट त्या चिखलावर आली, आणि वरच्या लोकांनी उत्साहाने गळ सोडले, जिथे शेवाळाशिवाय काही नव्हतं.

आउनेने बोट जवळ नेली. तिने लुंडीनच्या माणसाला हाक मारून विचारलं, "ही जागा तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच," तो हसत म्हणाला. "तुमच्या डोक्यावरची ही छत्री दोन मैलांवरून दिसते, आउने. सगळा धक्का यंदा तुमच्या पाखरांवरच जगतोय."

ती वर बघत राहिली. पाद्री अजून वाट पाहत होता.

त्याच दुपारी वेलचीचा पाव आणि ती किटली घेऊन ती हॅल्व्हरच्या दारात गेली. तो पायरीवर बसून दोरीची गाठ सोडवत होता. उभ्या आयुष्यात जे वाक्य तिने कुणापुढे उच्चारलं नव्हतं ते तिने उच्चारलं. म्हणाली, "माझं चुकलं. पाखरं होती ती."

"सांगितलं होतं तुला."

"नीट का नाही सांगितलंस?"

हॅल्व्हर परत दोरीकडे वळला. गाठ सुटल्यावर तो म्हणाला, "त्या चिखलात मासा नाही, हे मला शाळेत होतो तेव्हापासून माहीत आहे."

"मग दिवसभर बसलास कशाला?"

"तू रेनोचं नाव घेऊन सांगितलंस म्हणून."

आउने त्या पायरीवर बसली. छपरीतल्या आरोपाची माफी मागायचे शब्द तिने वाटेत जुळवले होते. मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन थाप मारली, त्याची माफी कशी मागायची ते तिने जुळवलं नव्हतं. पाव तिच्या हातातच राहिला. मग हॅल्व्हरनेच तो घेतला आणि मोडून अर्धा तिला दिला.

खडक गेला होता. आता प्रत्येक बोटीच्या यंत्रात तो नोंदला गेला होता, पाखरं असोत नसोत. किडे उठायला अजून थोडे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅल्व्हर तिच्या दारात आला आणि आज माझी बोट, म्हणाला. त्याचीही एक जागा होती. असणारच. इतक्या वर्षांत ती कुणाला कळली नव्हती, तिच्या दुर्बिणीलासुद्धा.

धक्का मागे पडल्यावर त्याने इंजिनाचा वेग कमी केला. ती त्याच्याकडे तोंड करून, बोटीच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसली होती.

"डोळे मीट, आउने," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. चेष्टाही नव्हती.

एरवी ती भडकली असती. आज तिने डोळे मिटले. बोटीच्या मागून पाद्रीची ओळखीची हाक आली. तिने बादलीकडे निघालेले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. डाव्या गालावर कोवळं ऊन लागत होतं, म्हणजे बोट उत्तरेला चालली होती. एवढं कळायला तिला डोळे लागत नव्हते. तिने जॅकेटची टोपी वर ओढली, तो गाल झाकून घेतला आणि दोरी हनुवटीखाली घट्ट बांधली.