मोटरवेवर आठवलेला नळ

थंडीत घर रिकामं सोडताना पाण्याचा मेन कॉक बंद करायचा, हे मी इथे लंडनच्या हाउन्सलोला येऊन शिकले. पाइप गोठून फुटला तर घरभर पाणी होतं. यंदा लेकीकडे नॉटिंगहॅमला आठवडाभर जाताना ह्यांनी सिंकखालचा मेन फिरवला आणि वरचा नळ पूर्ण उघडून दाखवला. "बघ, थेंब नाही!" मी सिंकच्या भोकात रबरी बूच बसवलं. गावी घर बंद करताना मोरीचं भोक बुजवायचं, नाहीतर झुरळं वर येतात. ती सवय अजून हाताला आहे. किल्ली शेजारच्या गोऱ्या आजीबाईंना दिली. आम्ही परतायच्या दुपारी पाणी आणि हीटिंग त्या सुरू करणार होत्या.

येताना चहाला मोटरवेलगतच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर थांबलो. गाडी पुन्हा मोटरवेला लागल्यावर मी म्हणाले, "अहो, तिथले नळ किती शहाणे! आपले आपण बंद होतात."

हे हसले आणि एकदम दचकले. "आपला नळ बंद केलास ना तू?"

"मी कशाला? उघडलात तुम्ही!"

"आणि बूच?"

"ते मी लावलं."

स्वयंपाकघरात नवं लाकडी फ्लोअरिंग करून महिनाही झाला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे फळ्या फुगायला लागल्या.

"लाव आजीबाईंना फोन, त्यांनी मेन सुरू करायच्या आत."

"तुम्ही बोला ना."

"चालवू की बोलू? आणि स्पीकर बिघडलाय. बोल तूच!"

इंग्रजीत फोनवर मी कधी बोललेच नव्हते. आजीबाईंशी कुंपणावरून हसायचे, तेवढंच. त्यांनी हॅलो म्हणताच मी एका दमात सुटले, "वॉटर नो ओपन! टॅप ओपन! सिंक क्लोज! फ्लोअर फिनिश!"

हे हसू दाबत होते. मी डोळे वटारले.

"स्लोली, लव्ह," त्या म्हणाल्या. आमच्याकडेच जायला कोट चढवत होत्या. मी सावकाश पुन्हा सांगितलं. फोन कानाला लावूनच त्या आमच्या घरात गेल्या. आधी नळ बंद केला, बूच काढलं, मग मेन सुरू केला. "ऑल ड्राय, लव्ह." मग लेकीची चौकशी केली, आणि मी चक्क सांगत बसले.

घरी पोचल्यावर ह्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, थोडक्यात वाचलो! वेळेवर आठवलं म्हणून आम्ही फोन केला..."

"आम्ही नाही," मी मागून ओरडले. "मी केला!"