आईचं नाव विचारणारे मामा

आमच्या मामांएवढा चौकस माणूस भूमच्या आठवडी बाजारात पुन्हा होणे नाही. शेळी घ्यायची तर लोक तिचे दात बघतात, कास बघतात. मामा आधी तिच्या आईची चौकशी करत. आई किती वेतं व्याली, आजी कशानं गेली, मावशीला पावसाळ्यात खोकला व्हायचा का? विकणारा घायकुतीला येई. "मामा, शेळी घ्यायची का सोयरीक जुळवायची?" "दोन्ही एकच. रगात बघितल्याबिगर दावं हातात धरू न्हाय."

सोयरिकीतही त्यांनी तेच केलं. मला बघायला पाहुणे आले, पोह्यांच्या बशा हातात होत्या, आणि मामांनी मुलाच्या बापाला विचारलं, "पोराची आजी शेवटाला कशी होती? अंथरुणाला खिळली न्हवती न्हवं?" पाहुणे बशा ठेवून उठले. आई रडायचीच बाकी होती. मी मात्र मनातून खूश, मुलगा मला अजिबात आवडला नव्हता!

स्वतःच्या रक्ताचा गर्व तर विचारूच नका. "आमच्या रगतातला राखणदार लई तापट हाय, रोगाला वेशीवरनंच हाकलतोय," म्हणत ते तापाच्या साथीतही साऱ्या गावात हिंडत, आणि खरंच त्यांना साधं पडसंही होत नसे.

मग ते बाजारातून घरची वाट चुकू लागले. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मेंदूतही असेच राखणदार असतात, साचलेली घाण ते उचलतात. काही घराण्यांत त्यांची घडण जन्मतःच वेगळी असते, अन् उतारवयात विसरण्याच्या आजाराचा धोका वाढतो. धोकाच हं, होईलच असं नाही. "घरात आधी कुणाला होता?"

"कुणालाच न्हाय," मामा ठासून म्हणाले. "आईला तेवढा म्हातारचळ लागला होता."

मी खाली बघितलं. शेळ्यांच्या पणज्या तोंडपाठ असलेला हा माणूस! जेवून हात धुतला की आजी "मला कुणी जेवायला घालीना" म्हणायची, अन् सगळं घर हसायचं. ती आजारी आहे हे कुणाच्या मनातच आलं नाही. औषधानं ती बरी झाली नसती, पण आम्ही हसलो तरी नसतो. फार वाईट वाटतं.

परवा भेटायला गेले, तर मामांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "आई कोन गं तुझी?"

"तुमची धाकटी बहीण, मामा. सुमन."

ते बघत राहिले. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं रगात हाय. बिनघोर ऱ्हा."

मी मान हलवली. हल्ली आई भाजीत दोनदा मीठ घालते, हे त्यांना सांगितलं नाही.