दाबलं की सुटलं पाहिजे

"शंकर, मांगं घे! ट्रॅक्टर मांगं घे!" मी माइकमध्ये ओरडले आणि त्याचं उत्तर ऐकायला बटण सोडलं. ते वर आलंच नाही. आत रुतून बसलं.

शंकर दोन गंज्यांच्या मधल्या गल्लीत होता. गंजी म्हणजे कापसाचा ढीग, घराएवढा उंच. पुढच्या टोकाला आग लागलेली मला केबिनच्या खिडकीतून दिसत होती. मागचं टोक दिसत नव्हतं. मी नख घालून बटण उपसत होते आणि तोंडानं चालूच होतं, "मांगं घे, मांगं घे."

शेवटी माइकची वायर सेटमधून उपटली. तेव्हा त्याचा आवाज आला.

"मावशी, मांगंच तर आग हाय! कोणी आयकून राह्यलं का?"

आता मला ऐकू येत होतं, पण बोलायला माइक नव्हता. गुडघे गेलेले, तरी जिना उतरून धावले. शंकर ट्रॅक्टर सोडून गंजीवर चढला आणि पलीकडे उडी मारून सुटला. एक हात कोपरापर्यंत भाजला. ट्रॅक्टर गेला.

हिंगणघाटच्या बाहेर आमची जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. मी तिथे आधी कापूस उचलला, मग मुकादम झाले, आता गेटच्या केबिनमध्ये बसून यार्डातल्या गाड्या हलवते. त्यासाठी वायरलेस सेट आहेत. ट्रॅक्टरवर, पाण्याच्या टँकरवर, आणि एक माझ्या टेबलाला ठोकलेला. वेटोळ्या वायरीला हातात मावेल असा माइक असतो. बाजूचं मोठं बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एकाचं बटण दाबलेलं राहिलं की बाकी सगळे मुके. समोर आकड्यांची बटणं असतात, त्याला कीपॅड म्हणतात. मी पाच दाबला की मशीनघरातला भोंगा वाजतो. तिथे मशिनींच्या आवाजात माणसाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

नागपूरहून रेडिओवाला आला. त्यानं माइक उघडला. आत लाल चिखल वाळून दगड झाला होता, त्यात कापसाचं तूस.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

मॅनेजर भोयर साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. साहेब स्वतः नारळ फोडतात, त्याचं पाणी आणि कुंकू एका ओळीत सगळ्यांवर शिंपडतात. लोखंडाच्या मशिनीला काही होत नाही. माइकलाही त्यांनी सोडलं नव्हतं. दिवाळीनंतर बटण जड झालं तेव्हा मी सांगितलं होतं. "सुटंल आपोआप," म्हणाले.

"तसाच नवा घेऊ," साहेब म्हणाले. "वरून प्लॅस्टिकची पन्नी बांधू."

"पन्नीतून आवाज घुसमटते. पन्नी तुमच्या टीव्हीच्या रिमोटले बांधा."

रेडिओवाला म्हणाला, "बिनकीपॅडचा घ्या. बटणं कमी, बिघाडही कमी."

बोलणं खोटं नव्हतं. पण मग भोंगा कोण वाजवणार? मी नाही म्हणाले.

"मावशी, चौथी शिकल्या तुम्ही. यातलं काय समजते तुमाले?" साहेब म्हणाले.

"आग लागली तवा मी होती केबिनात. तुम्ही जेवाले गेलते."

साहेब लाल झाले. मी नारळ, कुंकू आणि ओंजळभर कापूस आणून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काऊन आणलं?"

"करा पूजा. दरसाल करता तशीच. जो माइक उद्या चालंल, तो घेऊ."

रेडिओवाल्यानं आणलेल्या तिन्ही माइकना नारळपाणी पाजलं, वर कुंकू, वर तूस, आणि दिवसभर उन्हात ठेवले. एकाचं बोलायचं बटण चिकटलं. दुसऱ्याची बटणं सपाट, बोटाला कळतच नाहीत. धुरात डोळे मिटलेले असताना ती काय कामाची? तिसरा जाड आणि जड. आकडे उंच, सगळी बटणं एकाच रबरी चादरीची, फटच नाही. बोलायच्या बटणाची स्प्रिंग इतकी कडक की अंगठा दुखला. मी तो नळाखाली धुतला, फरशीवर आपटला, सेटला जोडला आणि पाच दाबला. मशीनघरात भोंगा वाजला.

"आजी, इतका छळ तर कंपनीतही करत नसतील," रेडिओवाला म्हणाला.

"त्यायच्याकडं खंडेनवमी नसंन," मी म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला साहेब ताट घेऊन केबिनमध्ये आले. मागे सगळी माणसं. मी माइक पदराखाली धरला.

"सेटवर फूल ठेवा. माइकले पाणी नाई."

"बाई, देवाचं काम हाय. अडवू नोका."

"देवाले सांगा, मी आडवी आली. काय पाप लागन ते मले लागू द्या."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारी लय माजली बापा." माजली तर माजली. मी जागची हलले नाही. साहेबांनी फूल ठेवलं आणि गेले.

यंदा पुन्हा आग लागली. भर दुपारची, तशीच वाऱ्याची. गल्लीत पुन्हा शंकरच. मी पाच दाबला. भोंगा झाला, मशिनी बंद झाल्या, माणसं बाहेर आली. मग बोलायचं बटण दाबलं, "शंकर, मांगं रस्ता हाय का?" आणि सोडलं. बटण वर आलं.

"नाई मावशी, मांगं धूर हाय."

"मंग समोरून काढ, वजनकाट्याकडं. तिकडं मोकळं दिसते मले. टँकर येऊन राह्यला."

माइक घेताना दुकानदार आवाज कसा स्वच्छ येतो ते सांगेल. आपण बटण दाबून सोडून पाहावं. हात घाण करून पाहावं.

यंदा दोन गंज्या जळाल्या. ट्रॅक्टर वाचला. शंकर वाचला.