पिक्चरवाली एकटी गेली, म्हणून शेवंताही गेली

मोहफुलं वेचताना आम्ही बाया गप्प बसत नाही. बोलणं थांबलं की अस्वल जवळ येतं! त्यालाही मोह आवडतो ना. मग रोज पहाटे नवीन काय बोलायचं? असेच किस्से साचत जातात. यंदाचे सगळे एका फालतू पिक्चरचे.

*

शेवंताचा नवरा दिवाळीनंतर तापानं गेला. दरवर्षी दोघं नाल्यावरच्या एकाच मोहाखाली फुलं वेचायचे. तेव्हापासून तिनं जंगलात पाऊल टाकलं नव्हतं. भिंतीकडे पाहत बसायची. भात पुढ्यात ठेवला तर नुसता चिवडायची.

तिची पोरगी पिंकी गोंदियाला कॉलेजात. एक दिवस मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. "आजी, या पिक्चरमधली बाई लय दुःखात राहते. एकटी जंगलात जाते अन् बरी होऊन येते. आईले दाखवू."

मी आमच्यासंगं मोह वेचणाऱ्या गिरजाला हाक मारली. बसलो साऱ्या शेवंताच्या छपरीत.

*

पिक्चरमधली बाई चालते. मग रडते. मग पुन्हा चालते. पाठीवर पोत्याएवढी बॅग!

गिरजा म्हणाली, "एवढं ओझं कायले वं? जंगलात चालली का माहेरी?"

सगळ्या हसलो. शेवंता नाही हसली.

*

पुढं ती बाई नदीकाठी एकटीच झोपली. आता जनावर येते, मग येते, आम्ही श्वास रोखून पाहून राहिलो. काहीच नाही! सूर्य उगवला, बाजा वाजला, बाई हसली. झाली म्हणे बरी.

"मुंगी बी नाही चावली तिले!" गिरजा भडकली. "कोनाचं जंगल व्हय हे?"

पिंकीचं तोंड उतरलं. शेवंता मात्र काळ्या झालेल्या मोबाईलकडे पाहतच होती. मला तेव्हाच खटकलं.

*

दुसऱ्या दिवशी फटफटताना पिंकी धावत आली. "आजी, आई घरी नाही! टोपली बी नाही!"

 एकटी बाई, तोंड मिटलेलं, आणि मोहाचे दिवस!

निघालो तशाच. "शेवंता! ओ दे वं!" ओ नाही. पिंकी रडत होती, "मीच दाखवला तो पिक्चर."

गिरजानं दटावलं, "रडू नोको, ओरड! रडून अस्वल पळते का?"

*

नाल्याचा चढ चढताना दम लागला, हाका बंद पडल्या. वर पोचलो आणि जागीच थांबलो.

मोहाच्या एका अंगाला शेवंता, वाकून फुलं वेचून राहिली होती. दुसऱ्या अंगाला अस्वल, खाली मान घालून खात होतं. मधे नुसतं खोड! ओरडावं तर ते बिथरून तिच्याच अंगावर जायचं. मी पिंकीच्या तोंडावर हात दाबला.

तेवढ्यात अस्वलानं मान वर केली.

शेवंता हळूच सरळ झाली. टोपली कमरेवर घेतली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"ती बाजू माह्या मालकाची होती. खाऊन घे. इकडं पाय टाकला तं पाहजो!"