टेन्शन न घेणारे गृहस्थ

राहुरीत आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ कधीच टेन्शन घेत नाहीत. हे ते स्वतःच उठता बसता सांगतात. "माझं बघा. हाय का काही टेन्शन?" रोज सकाळी ओट्यावर सतरंजी टाकून डोळे मिटून बसतात. पाणी भरणं, धारा काढणं, डेअरीला दूध घालणं, सगळं वहिनी करतात. त्या करवादल्या की हे डोळे न उघडता तळहात वर करतात आणि संथ आवाजात म्हणतात, "श्वास सोड. आधी श्वास सोड."

तो तळहात दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शांत बसायचं ह्यांनी, आणि धाप लागायची वहिनींना!

परवा त्यांची गाय खुंटा उपटून दाव्यासकट रस्त्यावर धावली. वहिनी पिठाच्या हातांनी, अनवाणी मागं पळाल्या. मीही पळालो. गाय वळवून आणली तेव्हा आम्हा दोघांनाही बोलवत नव्हतं. गृहस्थ जागचे हलले नव्हते. तळहात तेवढा वर झाला.

"चिडू नको. बीपी वाढंल."

वहिनींनी गायीचं दावं त्या तळहातात दिलं. गायीनं हिसडा मारला, तसे गृहस्थ सतरंजीसकट ओट्यावरून खाली आले.

"आरं, धरा की हिला! धरा कुनीतरी!" एवढा आवाज त्यांना आहे, हे गल्लीला तेव्हा कळलं.

मी हात मागं बांधून उभा राहिलो.

वहिनी हात धुवायला आत निघाल्या होत्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "श्वास सोडा. आधी श्वास सोडा."