कंबरेला बांधलेला भोपळा

लहानपणी मला सर्वांत जास्त हेवा वाटला तो एका वाळलेल्या भोपळ्याचा. माझ्या शेजारच्या मैत्रिणीचा भोपळा. आमच्या दोन घरांना मिळून एकच गॅलरी होती आणि तिच्या दाराशी, खिळ्याला, तो सुतळीच्या जाळीत टांगलेला असायचा. आतून पोकळ, बाहेरून तपकिरी, बोटानं वाजवला तर टकटक आवाज करणारा. पोहायला शिकताना तो पाठीला बांधतात एवढं मला ऐकून माहीत होतं. आमच्या दाराशी खिळा होता, पण त्याला माझ्या वडिलांची, अण्णांची, छत्री असे.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. आम्ही नाशिकरोडच्या एका नव्या कॉलनीत राहत होतो. चार इमारती, मध्ये मैदान म्हणायचं म्हणून मैदान, आणि मागे द्राक्षबाग. बागेत दगडी पायऱ्यांची विहीर होती. अण्णा शाळेत शिक्षक होते आणि त्या वर्षी कॉलनीनं स्थापलेल्या बालसुरक्षा समितीचे चिटणीसही. समितीचं उद्घाटन एप्रिलमध्ये, दुपारी चार वाजता, मैदानात झालं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. उन्हापासून मुलांचं रक्षण या विषयावर ते पाऊण तास बोलले. ते स्वतः कापडी छताखाली होते, आम्ही मुलं छताबाहेर. दोघा मुलांना भोवळ आली, तेव्हा अध्यक्षांनी त्यांच्याकडे बोट दाखवून आपला मुद्दा सिद्ध झाल्याचं सांगितलं.

त्यानंतर कॉलनीच्या फलकावर अण्णांच्या वळणदार अक्षरात सूचना लागू लागल्या. गच्चीवर पतंग उडवू नये. आंब्याच्या झाडावर चढू नये. स्टोव्हजवळ खेळू नये. बागेतल्या विहिरीकडे फिरकू नये. दुपारी बाहेर पडावं लागल्यास खिशात कांदा ठेवावा. इतर घरांत या सूचना वाचून विसरल्या जात, आमच्या घरात त्या पाळल्या जात. आईनं माझ्या फ्रॉकना कांद्यापुरता एकेक खिसा शिवला. पूर्ण मे महिना मी कांद्याचा वास घेऊन हिंडले आणि मला एकदाही ऊन लागलं नाही, हे मला आजही मान्य करावं लागतं.

मैत्रिणीचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिचा मामा विंचूरकडे शेती करायचा. सुट्टी लागली की ती तिकडे जायची आणि महिन्याभरानं काळी होऊन, गुडघ्यावर खपल्या घेऊन यायची. मला त्या खपल्यांचाही हेवा वाटे. माझे गुडघे अगदी चिटणीसांच्या मुलीला शोभतील असे गुळगुळीत होते. तिची भाषासुद्धा गावाहून आल्यावर आठवडाभर वेगळी असायची. सगळं 'लय भारी' असायचं. मी एकदा घरात 'लय' म्हटलं तर अण्णांनी ताटावरून वर न बघता 'खूप' अशी दुरुस्ती केली.

त्या वर्षी ती मामाकडून भोपळा घेऊन आली. दर रविवारी सकाळी तिचे वडील तिला बागेतल्या विहिरीवर नेऊ लागले. बागवाला त्यांच्या ओळखीचा होता. मी आमच्या मागच्या खिडकीतून बघायचे. विहिरीचं तोंड आणि वरच्या चार पायऱ्या दिसायच्या, पाणी दिसायचं नाही. दिसायचे ते तिचे वडील, बनियनवर, पायरीवर उकिडवे बसलेले. त्यांच्या हातात दोर असायचा. दोराचं दुसरं टोक खाली तिच्याकडे. ते दोर थोडा सोडायचे, थोडा ओढायचे, आणि मधूनच हसायचे. माझ्या वडिलांच्या हातात त्या वेळी खडू असायचा, रविवारच्या सूचनेसाठी.

मला पोहायला शिकायचं होतं. मी अण्णांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्यांनी फलक वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, ज्यानं नियम लिहिला त्याच्याच घरातून तो मोडला तर लोक काय म्हणतील. मग मी मैत्रिणीला भोपळा मागितला. ती सरळ म्हणाली, "रविवारी ये. बाबा असल्याशिवाय नाय उतरायचं." हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की मला तो अपमान वाटला. मला आधीच एक चिटणीस होते, दुसरी नको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमरसाचं जेवण होऊन दोन्ही घरं झोपली. मी खिळ्यावरून भोपळा काढला. खिशात कांदा होताच.

बागेत कुणी नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खूप खाली गेलेलं, तरी दोन पुरुष खोल असेल. शेवटच्या पायरीवर उभी राहून मी भोपळा बांधला. कसा बांधतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीतून मला दोर दिसायचा, बांधणं दिसायचं नाही. भोपळा पाठीला, म्हणजे मागच्या बाजूला, असा मी अर्थ लावला आणि फ्रॉकचा पट्टा जिथं होता तिथं, कंबरेवर, सुतळीची घट्ट गाठ मारली. मग नाक धरून उतरले.

भोपळ्यानं आपलं काम चोख केलं. तो वर आला. त्याच्याबरोबर माझी कंबर वर आली आणि अर्थातच डोकं खाली गेलं. मी जेवढे हातपाय मारले तेवढी आणखी कलंडले. तोंडात पाणी, नाकात पाणी, डोळ्यांसमोर हिरवं. गाठ सोडायला गेले तर हात पोचेना. एकदाच मान वर निघाली, तेव्हा खिशातला कांदा शेजारून शांतपणे तरंगत जाताना दिसला.

मग मागून जोराचा हिसका बसला. मैत्रिणीला जाग आली होती, खिळा रिकामा दिसला होता आणि ती धावत आली होती. ती पाण्यात उतरली नाही. शेवटच्या पायरीवर पालथी पडून तिनं भोपळ्याची जाळी धरली आणि घागर ओढावी तशी मला कडेला ओढली. बुडणाऱ्याच्या अंगावर उडी मारायची नाही, हे तिला शिकवलेलं होतं. मी पायरीवर ओकत होते. तिनं आधी भोपळा तपासला.

"कंबरेला नाय बांधत, येडे," ती म्हणाली. "वर, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधी."

मग तिला रडू फुटलं. मी रडले नाही. मला वाटत होतं ते एवढंच, की हेही हिलाच येतं.

फ्रॉक तापलेल्या दगडावर बसल्या बसल्या सुकला. कुणाला सांगायचं नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनं मान डोलावली आणि संध्याकाळी वडील कारखान्याच्या बसमधून उतरताच त्यांना सगळं सांगितलं. ती त्यांना सगळंच सांगायची. तेही मला जमणारं नव्हतं.

ते आमच्याकडे आले. अण्णा सूचनेचा मजकूर लिहीत होते. मी दाराआड उभी होते.

"सर, रविवारी हिला पाठवा विहिरीवर," ते म्हणाले. "दोर मी धरतो."

अण्णांनी समितीचं नाव घेतलं. मैत्रिणीच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि मग खालच्या आवाजात दुपारचं सगळं सांगितलं. अण्णांनी पेनाला टोपण लावलं. मी माराची वाट बघत होते.

"मला स्वतःला पोहता येत नाही हो," अण्णा शेवटी म्हणाले. "पाण्याची मला फार भीती वाटते."

एवढी सुंदर अक्षरं काढणारा माणूस कशाला तरी भितो, हे मला नवीन होतं. त्यांनी मला मारलं नाही. त्या रात्री मात्र आई माझ्या उशाशी बसून राहिली आणि मधूनमधून माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होती.

रविवारी अण्णा आले. धोतर, सदरा, टोपी, पायात वहाणा. बागवाला बाजूला सरकून उभा राहिला, त्याला वाटलं तपासणी आहे. मैत्रिणीच्या वडिलांनी भोपळा माझ्या पाठीवर उंच, फऱ्यांच्या मध्ये बांधला, सुतळी काखांखालून फिरवून पुढे गाठ मारली. दोर माझ्या कंबरेभोवती आवळला आणि त्याचं टोक अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी तो झेंडावंदनाला धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. कुणी ढील द्यायला सांगितली तरी ते देईनात. मी काठापासून हातभर अंतरावर ताणलेल्या दोराला लोंबकळत होते. पण डोकं वर होतं.

मला वर बघायचं होतं, त्यांचं तोंड. इतके रविवार मी खिडकीतून दुसऱ्याच्या वडिलांचं बघितलं होतं. मी मान वळवली. अण्णांच्या हातांना दोराचा पीळ बसला होता, मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. नजर मात्र माझ्या पलीकडे होती. तिथं माझी मैत्रीण भोपळ्याशिवाय, दोराशिवाय विहिरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला चालली होती.

"काय लय भारी पोहते पोरगी," अण्णा म्हणाले.

मी पाय जोरात मारले, म्हणजे दोर हलेल आणि ते माझ्याकडे बघतील.