माहेरचं पॅकेज

माझं काम सांगितलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे नक्की करतीस काय?" मी सांगते, शेजारणीकडून आणलेल्या विरजणाचा वास घेऊन बघते. प्रोग्रॅम लिहिणारे लोक सगळं स्वतः लिहीत नाहीत. जगात कुणीकुणी लिहून फुकट ठेवलेली पॅकेजं उचलतात आणि आपल्यात घालतात. ती मुळात कुणी लिहिली, आता कुणाच्या हातात आहेत, आत काही भलतंसलतं नाही ना, हे मी बघायचं, त्याचा कागद लिहायचा आणि मग हिरवी खूण करायची. कंपनी पुण्याची, मी अंबाजोगाईत घरी बसून करते. आणि खोटं कशाला बोलू, मी त्यात लई खवट आहे. परदेशातल्या भल्याभल्यांची पॅकेजं मी नाक मुरडून परत पाठवलीत.

एकदा यादीत एक बारकं पॅकेज आलं. मराठी आकड्यांत लिहिलेली तारीख कॉम्प्युटरला कळेल अशी करून देणारं. ते एका दवाखान्याच्या नव्या प्रोग्रॅममध्ये जायचं होतं, म्हणजे कुणाला काय दुखणं आहे ती सगळी नोंद त्याच्या शेजारी राहणार. मी पान उघडलं. लिहिणाऱ्याच्या माहितीत पहिलीच ओळ होती: चकलांबा, तालुका गेवराई.

आता चकलांबा माझं माहेर. माहेरचं कुत्रं दिसलं तरी बाईला भरून येतं, हा तर प्रोग्रॅमर निघाला. मी लगेच भावाला फोन लावून त्याचं नाव सांगितलं.

"दादा, ह्यो कुणाचा?"

"मेंढ्यावाल्यांचा. आपल्या वावराशेजारचे न्हाईत का. लई गुणी हाय. कावून, काय केलं त्यानं?"

"काही न्हाई," म्हणाले आणि हिरवी खूण करून टाकली. त्या दिवशी भाकरीही अर्धी जास्त खाल्ली.

महिन्याभरानं दवाखान्याचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि गुरुवारी पुण्याहून माझ्या कामातल्या जोडीदारणीचा फोन आला. तिचं बोलणं फार अदबीचं. मला त्याचाच राग येतो.

"ताई, त्या तारखेच्या पॅकेजचा तुमचा कागद सापडत नाहीये."

सापडेल कसा, लिहिलाच नव्हता. बघते म्हणून फोन ठेवला आणि ते पॅकेज पहिल्यांदा आतून वाचायला बसले. तारखा नीट बदलत होतं बिचारं. त्याच्या जोडीला कॉम्प्युटरवरचे पासवर्ड गोळा करून कुठल्यातरी परक्या पत्त्यावर धाडतही होतं.

पॅकेज तिथल्या तिथं काढायला लावलं, एवढं शहाणपण उरलं होतं. दवाखाना वाचला. आता प्रश्न माझ्या नोकरीचा होता. जोडीदारीण म्हणाली, "तुम्ही खूण केलीत तेव्हा चांगलंच असेल, कुणीतरी नंतर बिघडवलं असेल. तसं लिहू या का?" हे मला फारच आवडलं. फक्त चकलांब्याच्या त्या माणसानं म्हणायला पाहिजे होतं, की मी खूण केली तेव्हा पॅकेज त्याच्याच हातात होतं. मेलला उत्तर नाही, फोन बंद. शनिवारी मी एसटीत बसले आणि बीड, गेवराई करत माहेरी पोचले.

गुणी पोरगं म्हणजे चांगला तिशीचा बाप्या निघाला. वावरात मेंढ्या बसवून बांधावर बसला होता.

"आक्का, ते मी कॉलेजात असताना लिव्हलतं," तो म्हणाला. "मग मेंढ्या वाढल्या, सवड मिळंना. एक जण लई गोड बोलायचा, मदत करू का म्हणून सारखा विचारायचा. मग त्यालाच देऊन टाकलं."

"कोण तो? कुठला?"

"ते न्हाई विचारलं. चांगल्या माणसाला असं विचारणं बरं दिसतंय का?"

मी त्याला असा झापला की काय सांगू. अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देतोस, अक्कल गहाण टाकलीस का, मेंढी विकतानासुद्धा गिऱ्हाईकाचं गाव विचारतोस की न्हाई. तो खाली मान घालून ऐकत होता. मला लई बरं वाटलं.

"आणि कधी दिलंस?"

"झाली की दोन वर्षं. तिथंच लिव्हलंय, गावाच्या नावाखाली. मी आता हे बघत न्हाई, मालक दुसरा हाय म्हणून. तुमी वाचलं न्हाई का?"

तो टोमणा मारत नव्हता, खरंच विचारत होता, तेच जास्त लागलं.

"मग आक्का, तुमी माझी चौकशी कुणाकडं केली?"

"दादाकडं."

"मग बराबर," तो म्हणाला. "दादा तर आपलेच."

परतीच्या एसटीत मोबाईलवर कागद लिहायला घेतला. आधी जोडीदारणीचं वाक्य लिहिलं. दिसत छान होतं. पुसलं. चूक कशी झाली, ह्याच्यापुढं लिहिलं: तपासणाऱ्या बाईनं गावाचं नाव वाचलं, खालची ओळ वाचली नाही, भावाला विचारलं आणि खूण केली. पाठवताना लाजेनं रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, ही माहेराहून निघालीय म्हणून रडतीय. तिनं माझ्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या आणि पाठीवर हात ठेवला. मी शेंगा खाल्ल्या.

नोकरी राहिली. पण माझ्या सगळ्या जुन्या हिरव्या खुणा आता ती अदबीची बाई पुन्हा तपासतीय. परवा तिचा मेल आला: "ताई, अजून एक बिनकागदाचं सापडलं. लिहिणाऱ्याचा पत्ता अंबाजोगाईचा आहे. ओळखीचे आहेत का?"

मी लिहिलं, "धाकटे दीर आहेत माझे, खालच्या मजल्यावर राहतात. म्हणूनच तू तपास."